अधिवास : इतर

काळविटाच्या पानावर समितीच्या अध्यक्षांचा फोटो शिंगांच्या वर घ्यायचा की खाली, हा प्रश्न जगातल्या कुठल्याच जीवशास्त्रज्ञाला पडला नसेल. मला पडला. माझी उमेदीची वर्षं नगरच्या सावेडीत वाढदिवसाचे फ्लेक्स करण्यात गेलेली, त्यामुळे तो सोडवायला जिल्ह्यात माझ्याइतका लायक माणूसही नव्हता.

झालं असं की २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या नेमायला सांगितल्या. समितीने लोकांना विचारून आपल्या शिवारातल्या झाडाझुडपांची, पशुपाखरांची नोंदवही करायची. कायदा झाला, वह्या निवांत राहिल्या. मग हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि ती चुकवणाऱ्या राज्याला दरमहा १० लाख भरावे लागतील असं बजावलं. त्याबरोबर गावच्या पिंपळावर कोणकोणते पक्षी बसतात, याची सरकारी यंत्रणेला एकाएकी फार उत्सुकता वाटू लागली. अशा काही वह्यांवरून इंटरनेटवर पानं करायची, एका प्रजातीला एक पान, हे काम फिरत फिरत माझ्याकडे आलं. तपासायला वनस्पतिशास्त्राच्या एक मॅडम होत्या.

मॅडमचा पहिला आग्रह, शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात हवं. जगभर तशी रीत आहे. शिवाय पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान. आता देवनागरीत मोठं 'अ' आणि छोटं 'अ' मी कुठून आणू? तिरपं मात्र करून पाहिलं. काळविटाचं 'अँटिलोपी सर्व्हिकाप्रा' शिरोरेषेसकट असं कलंडलं की अध्यक्ष म्हणाले, "बाण लागल्यासारखं वाटतंय." रेहेकुरीच्या अभयारण्याशेजारी राहणारा माणूस तो. ते अभयारण्य १९८० चं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. काळवीट तिथलं कुंपण मानत नाही, आसपासच्या शेतातली ज्वारी खातं. 'स्थानिक उपयोग' या रकान्यात अध्यक्षांनी 'काही नाही, उलट नुकसान' असं सांगितलं. मी ते जसंच्या तसं टाकलं, मॅडमनी काढलं, अध्यक्षांनी फोन करून परत टाकायला लावलं.

नावाचा खरा घोळ बाभळीने घातला. नगरच्या माणसाला बाभळीची ओळख करून द्यायला लागत नाही, सायकलच्या ट्यूबला ती स्वतःहून भेटते. तिचं जुनं शास्त्रीय नाव अकेशिया निलोटिका. अकेशिया हे कुळीचं नाव जिच्यावरून चालत आलं ती हीच. पण ऑस्ट्रेलियात अकेशिया म्हणवणाऱ्या प्रजाती हजाराच्या घरात. त्या सगळ्यांची नावं बदलण्यापेक्षा नावच तिकडे द्यावं, असं २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरलं आणि २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्का बसला. सातबाऱ्यावरून मूळ मालक उडावा आणि कूळ कायम राहावं, तसं हे झालं. आमची बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका. खैराचीही तीच गत. बरं, परिषदेची तक्रार करावी तर कुठल्या तहसीलला?

एवढं सगळं बदलून होतं तोच २०२४ उजाडलं आणि जिल्ह्याचंच नाव अहिल्यानगर झालं. म्हणजे 'प्रसार' हा रकाना प्रत्येक पानावर पुन्हा उघडा. आम्ही आधीही नगर म्हणत होतो, अजूनही नगरच म्हणतो. पण फाइलला असं घरगुती चालत नाही.

वालाने वेगळाच पेच टाकला. मॅडमच्या हिशेबी वाल म्हणजे लॅबलॅब पर्प्युरियस, प्रजाती एक, पान एक, फोटो एक. अकोले तालुक्यात हे कोण ऐकून घेणार? कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाली ती गावरान बियाण्यांच्या कामासाठी, आणि त्यांच्या बियाणे बँकेत नुसत्या वालाचेच कितीतरी वाण आहेत. समितीतल्या एका मावशींनी माझ्यासमोर सुपात दाणे ओतले. पांढरे, तांबूस, काळपट, काहींच्या कडेला पांढरी रेघ. कुठला लवकर शिजतो, कुठला थंडीत धरतो, कुठला लेकीच्या घरी द्यायचा, सगळं तोंडपाठ. शेवटी म्हणाल्या, "यातला कोणता फोटोत घेणार, आणि बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" मी सूपच फोटोत घेतलं. शास्त्राला ते धरून नव्हतं, पण त्या पानावर हात घालायची मॅडमचीही छाती झाली नाही.

आता बिबट्या. आमच्या फॉर्ममध्ये 'अधिवास' निवडायची यादी होती : सदाहरित वन, पानझडी वन, काटेरी वन, गवताळ माळ, पाणथळ, इतर. ज्याने केली त्याने नगर जिल्हा पाहिला नसावा, कारण तीत ऊस नव्हता. इथे बिबट्या उसात राहतो, उसातच पिलं होतात, आणि तोडणीच्या वेळी ती टोळीला सापडतात. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावले, तेव्हा १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले. आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव जनावरं, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. 'आहार' रकान्यासाठी दिलेल्या चित्रांत हरीण होतं, ससा होता, मासाही होता. कुत्रं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या मोत्याला समोर बसवून मी ते काढलं. त्याला बिस्कीट दिलं, कारण सांगितलं नाही.

'स्थलांतर' रकान्यात मॅडमनी 'नाही' लिहिलं होतं. तिथे मी हरकत घेतली. २००९ मध्ये पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं, तर हा गडी सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईला पोचला. पुढे 'आजोबा' नावाने त्याच्यावर सिनेमा आला. लोकांना याचं केवढं नवल! अहो, पारनेरचा माणूस मुंबईला जाणार नाही तर कुठे जाणार?

अधिवासात शेवटी 'इतर'च निवडावं लागलं. मग लक्षात आलं, खडी टाकलेल्या रिकाम्या प्लॉटवर अंडी घालणारी टिटवी 'इतर', गव्हाणी घुबड 'इतर', पडक्या वाड्यातली वटवाघळं 'इतर'. अख्खा जिल्हाच त्या शेवटच्या ओळीत दाटीवाटीने बसला होता. मी मॅडमना न विचारता यादीत 'ऊस' घातला, आणि तोही सगळ्यात वर.

बिबट्याचं पान सुरू झालं आणि संगमनेरकडून एका शेतकऱ्याचा फोन आला. नकाशावरचे चौकोन फार मोठे आहेत, म्हणाला. मी समजावलं, अशा प्राण्यांची नेमकी जागा दाखवत नाहीत, शिकाऱ्याच्या हाती लागू नये म्हणून.

"शिकारी राहू द्या. माझा गट नंबर टाका."

"कशाला पण?"

"बिबट्या आहे हे कागदावर आलं तर दिवसाची लाइट मागता येईल. आमच्या मोटारीला रात्रीच सप्लाय येतो. उसात दारं धरायला तुम्ही जाता का?"

मॅडमना विचारून कळवतो, असं म्हणालो.

"जरा लवकर विचारा," तो म्हणाला. "आज रात्री दोनची पाळी आहे."