झुरिकपासून पुढं स्वतः

वर्धेहून नागपूरच्या विमानतळापर्यंत ड्रायव्हर आणि झुरिकच्या विमानतळापासून पुढं स्वतः, अशी आमच्या भाऊंच्या परदेशवारीची व्यवस्था असते. नागपूर जेमतेम पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर. पण "तिथलं ट्रॅफिक लय बेकार, कोन डोकं लावन?" म्हणून ते गल्लीतल्या एका पोराला रोजावर बोलावतात आणि स्वतः मागं बसून पेपर वाचतात. आल्प्समध्ये मात्र त्यांना दुसऱ्या कोणाच्या हातात स्टिअरिंग खपत नाही. तिथं प्रश्न स्वातंत्र्याचा असतो.

भाऊ एकटे नाहीत. असे भाऊ हिंगणघाटला आहेत, आर्वीला आहेत, पुलगावला तर दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त झालेला एखादा हमखास सापडेल. ओळखायच्या खुणा सोप्या. बँकेतून नाहीतर पाटबंधाऱ्यातून निवृत्ती, मुलगा हिंजवडीत, दारात एमएच ३२ ची पांढरी गाडी आणि बाराही महिने तिच्यावर कव्हर. अंतर विचारलं तर हा माणूस किलोमीटर सांगत नाही, तास सांगतो. तुमची स्कूटी दोन मिनिटांसाठी मागून न्यायची असली तरी आधी मोबाइल काढून तिचा चारी बाजूंनी व्हिडिओ घेतो, आरशाखालचा ओरखडा तुम्हालाच दाखवतो आणि म्हणतो, "हा आधीचा आहे बरं, ध्यानात ठेवा." ही सवय भाड्याच्या गाडीनं लावलेली. तिकडे गाडी ताब्यात घेताना जो ओरखडा कागदावर चढला नाही, तो परत देताना तुमच्या नावावर चढतो.

मराठी माणसाला परदेश दाखवायला केसरी १९८४ पासून आहे, वीणा वर्ल्ड २०१३ पासून. आमच्या कॉलनीतली बरीच मंडळी अशा सहलींतून युरोप पाहून आली आणि खूश आहे. भाऊंना नेमकं तेच सलतं. "सकाळी सहाले उठा, सातले नाश्ता, आठले बसमध्ये. हे काय फिरनं होय? हे त शाळेची ट्रिप झाली! आपल्याले कोनाच्या झेंड्यामागं चालाचं नाही. आपली गाडी, आपला टाइम, मनात आलं तिथं थांबाचं." हे सगळं सेवाग्रामच्या जिल्ह्यात उभं राहून बोललं जातं, म्हणून त्याला आपोआप स्वावलंबनाचा रंग चढतो. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, पवनारचे विनोबा भूदानासाठी अख्खा देश पायी हिंडले, आणि भाऊ स्वतःला त्याच रांगेत शेवटी कुठंतरी उभे करतात. बजाज चौकात भाजी आणायला मात्र ते ऑटोनं जातात.

स्वित्झर्लंडची तयारी सहा महिने चालली. पहिलं काम आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचं. हा परवाना परदेशात मिळत नाही. तो आपल्याच परिवहन कार्यालयातून काढून न्यावा लागतो. नमुना ४-अ चा अर्ज, सोबत पासपोर्ट, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. नेहमीचं लायसन सोबत असेल तरच या पुस्तिकेला किंमत. भाऊंनी आपला परवाना काढला आणि "असू दे, पडते कामी" म्हणून वहिनींचाही काढला. नंतर कितीतरी दिवस ते जादाचे हजार रुपये त्यांच्या बोलण्यात येत होते.

इथं वहिनींबद्दल सांगायला हवं. त्या देवळीच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि कित्येक वर्षं आपली छोटी गाडी घेऊन वर्धा-देवळी जातात-येतात. आषाढातल्या पावसात जातात, कापसानं लदलेल्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत जातात, रात्री विनादिव्याच्या बंडीमागं गिअर पाडून जातात. भाऊ याला ड्रायव्हिंग म्हणत नाहीत. याला ते अपडाउन म्हणतात.

भाऊंचं ड्रायव्हिंग समृद्धी महामार्गावर होतं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा ते गाडीचं कव्हर काढतात, येळाकेळीला समृद्धीवर चढतात आणि पुढच्या इंटरचेंजला उतरून परत येतात. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, स्वित्झर्लंडच्या महामार्गावरही १२०. म्हणजे स्वित्झर्लंड झालंच, असं त्यांचं गणित. तिथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात ही बाब त्या गणितात हातच्याला धरली होती.

बुकिंग मुलानं पुण्याहून केलं. फोटोत भलीमोठी गाडी होती. फोटोखाली बारीक अक्षरांत 'किंवा तत्सम' असं लिहिलेलं असतं, ते भाऊंनी वाचलं नव्हतं. या धंद्यात तुम्ही गाडी नव्हे, गाडीचा वर्ग बुक करता. त्या वर्गातलं जे दारात उभं असेल ते मिळतं. चौघं माणसं, चार मोठ्या बॅगा आणि पाचवी खाण्याची पिशवी. तिच्यात जवसाची चटणी, चिवडा, ठेच्याची बरणी आणि गोरस भांडारातले गोरसपाकचे सहा पुडे. जी तत्सम मिळाली तिच्या डिक्कीत तीन बॅगा मावल्या. चौथी बॅग मागच्या सीटवर मुलगी आणि आजीच्या मध्ये बसली आणि पिशवी आजीच्या मांडीवर आली. आजी म्हणजे भाऊंच्या मातोश्री, वय अठ्ठ्याहत्तर, मूळ आर्वीच्या.

पण गाडी मिळण्याआधी काउंटर लागतो. आता जे सांगतोय ते भाऊंच्या मुलीकडून कळलं. भाऊंच्या कथनात हा भाग नाही. काउंटरवरच्या बाईंनी परवाना पाहिला, लायसन पाहिलं आणि क्रेडिट कार्ड मागितलं. अनामत रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात आणि त्यासाठी बहुतेक कंपन्यांना मुख्य चालकाच्या स्वतःच्या नावाचंच क्रेडिट कार्ड लागतं. भाऊंकडे डेबिट कार्ड होतं. "उधारीवर जगाचं नाही" हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व. ते बाईंना इंग्रजीत समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा क्रेडिट कार्ड मागितलं. मुलाच्या कार्डाचा फोटो चालेना. मग वहिनींनी पर्समधून पगाराच्या खात्यावर मिळालेलं कार्ड काढलं, त्याच्याखालून परवान्याची पुस्तिका काढली आणि दोन्ही काउंटरवर ठेवली. मुख्य चालक: वहिनी. भाऊंना चालवायची असेल तर दुसरा चालक म्हणून रोजचे वेगळे पैसे. ते त्यांनी भरले, पण तोंड उतरलं.

पहिला दिवस दुसऱ्या चालकानं गाजवला. तिकडच्या गाडीत स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे गिअर उजव्या हाताला. भाऊंचा डावा हात सवयीनं गिअर शोधायला गेला की दारावर आपटायचा आणि काच खाली यायची. इंडिकेटर समजून जी दांडी दाबली ती वायपरची. त्यामुळं लख्ख उन्हात, उघड्या काचेनं, वायपर हलवत वर्धेचं एक कुटुंब झुरिकच्या प्रत्येक वळणावर वळत होतं. हॉर्न वाजवायची सोय नाही; तिथं हॉर्न धोक्याच्या वेळीच वाजवायचा असा कायदा आहे. हॉर्नशिवाय भाऊंना आपण रस्त्यावर आहोत याची खात्रीच पटत नव्हती. पेट्रोल पंपावर गाडी लावून ते काच खाली करून बसले. यावेळी मुद्दाम केली. "बोला भाऊ, कितीचं?" म्हणत कोणी येईना. दहा मिनिटांनी मागच्या गाडीवाल्यानं खाली उतरून नळी कशी उचलायची ते दाखवलं.

आजींनी मागून विचारलं, "इतक्या दूर येऊन गाडीतच बसाचं होतं, त आर्वीची यष्टी काय वाईट होती?"

माझं मत विचाराल तर आजींचा मुद्दा बिनतोड आहे. न्यूझीलंड घ्या, आइसलंड घ्या. तिथं बहुतेक ठिकाणी रेल्वे पोचत नाही, आणि गाडी घेतली नाही तर तुम्ही एका गावात अडकून पडता. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वे डोंगराच्या पोटातून शिरून तुम्हाला बर्फात नेऊन सोडते. काही गावांत तर मोटारीला मज्जाव आहे. झरमॅटला जायचं तर गाडी पाच किलोमीटर आधी टॅशला ठेवून पुढं रेल्वे धरावी लागते. वेंगेनला जायचं तर खाली लाउटरब्रुनेनला. भाऊंनी दोन्ही ठिकाणी गाडीचं भाडं भरलं, ती उभी ठेवायचं भाडं भरलं आणि वर रेल्वेची तिकिटं काढली. "पन आपली गाडी खाली उभी आहे, हे समाधान वेगळंच," असं ते आजही सांगतात.

दुसऱ्या दिवशी पिवळी बस भेटली. स्विस टपाल खात्याच्या बसगाड्या डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवरून जातात आणि आंधळ्या वळणाआधी तीन सुरांचा हॉर्न देतात. ते सूर रॉसिनीच्या 'विल्यम टेल' या ऑपेरातले. निळ्या पाटीवर पिवळं शिंग काढलेलं दिसलं की तो रस्ता या बसचा. तिथं तिचा चालक सांगेल तसं बाकीच्यांनी करायचं. आमच्या जिल्ह्यात घाट म्हणाल तर तळेगावजवळचा सत्याग्रही घाट, आणि तिथं भाऊंच्या गाडीला ड्रायव्हर असतो. वळणावर हॉर्न ऐकू आला तेव्हा भाऊंना आधी बरं वाटलं, कुठंतरी माणसं आहेत म्हणून. मग समोर बस आली. बसच्या चालकानं हातानं मागं जा अशी खूण केली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागं वळण. भाऊंनी डाव्या हातानं रिव्हर्स टाकला आणि काच खाली आली.

"उतरा," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी गाडी शंभरेक मीटर मागं नेऊन एका कोपऱ्यात घातली. बसच्या चालकानं हात वर करून आभार मानले. पुढच्या सगळ्या प्रवासात गाडी वहिनींनीच चालवली. त्यांना वेगळं काही वाटलं नाही. "ट्रॅक्टर नाही, बंडी नाही, कुत्रं नाही, सगळे आपापल्या लाइनीत. झोप येते हो अशा रस्त्यावर," त्या आम्हाला म्हणाल्या.

भाऊ शेजारच्या सीटवर बसले आणि तिथं त्यांचा खरा गुण प्रकट झाला. रात्री हॉटेलात दुसऱ्या दिवसाचा तक्ता तयार. सहाला उठणं, सातला गोरसपाक आणि चहा, आठला गाडी सुरू. धबधब्याला वीस मिनिटं. निळ्या रेघांच्या पार्किंगमध्ये काचेआड पुठ्ठ्याचं घड्याळ लावून तासभर गाडी फुकट उभी करता येते, हे कळल्यापासून कोणतंही गाव एका तासाच्या आत पाहून संपवायचा नियम झाला. मुलगी एका तळ्याकाठी पाय सोडून बसली तर वरून आवाज आला, "चला, चला, सात मिनिटं उरली!" घरचे हरवू नयेत म्हणून त्यांनी छत्रीला केशरी रुमाल बांधला होता. फोटोत तो दिसतो.

वर्धेत परतल्यावर आर्वी नाक्याच्या पोह्यांच्या ठेल्यावर भाऊंची व्याख्यानं सुरू झाली. तर्री संपेपर्यंत माणूस हलू शकत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. "फुल टू फुल घ्याचं. भरलेली टाकी घ्याची, भरलेली द्याची. कोरा इन्शुरन्स घेऊ नका, त्याच्यात पहिले हजार-दीड हजार फ्रँक आपल्या बोकांडी बसते." सगळं खरं आहे आणि उपयोगाचंही आहे. पण दारूबंदीच्या जिल्ह्यातले श्रोते. त्यांचा पहिला प्रश्न गाडीबद्दल नसतो.

"मंग भाऊ, गाडी पूर्ण तुमीच चालोली?" कोणी विचारलंच तर भाऊ म्हणतात, "कंट्रोल पूर्ण आपला होता."

दिवाळीच्या सुमारास तिकडून एक पत्र आलं. गावातल्या ५० च्या हद्दीत कॅमेऱ्यानं ५३ पकडले होते. पाच किलोमीटरपर्यंत जास्त गेलात तरी तिथं गावात ४० फ्रँक दंड आहे, आणि चालकाचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडी कंपनी वेगळे पैसे कापते. पत्र वहिनींच्या नावावर होतं, कारण मुख्य चालक त्या. तारीख मात्र पहिल्या दिवसाची. दुसरा कोणी नवरा ते पत्र लपवून ठेवता. भाऊंनी त्याला प्लास्टिकची फाइल केली आणि पोह्यांच्या ठेल्यावर नेली. "नाव हिचं आहे. स्पीड माहा आहे."

तुम्ही निघणार असाल तर परवाना जाण्याआधी इथूनच काढा, गाडी घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ घ्या, आणि घरात क्रेडिट कार्ड कोणाच्या नावावर आहे ते निघण्याआधी पाहून ठेवा. भाऊंचं पुढच्या वर्षी न्यूझीलंड ठरलंय. तिथं गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, म्हणून ते निर्धास्त आहेत. वहिनींनी बँकेत जाऊन कार्डाची मर्यादा वाढवून घेतली आहे.