बरखास्तीचा हुकूम

मनुष्य काम करीत आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार परंपरेने त्याच्या वरिष्ठाकडे असे. अलीकडे तो कळफलकाकडे गेला आहे. गंगापूर तालुक्याने 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाची अमदानी पाहिलेली असल्यामुळे दप्तर कोणी बांधावे, किल्ली कोणाच्या कमरेला असावी आणि साहेब उठण्यापूर्वी कारकुनाने उठावे की नाही, या बाबी येथील कचेऱ्यांत केव्हाच्याच निकालात निघालेल्या आहेत. परंतु चहाला म्हणून उठून जो परतलाच नाही, त्याचा संगणक कोणी मिटवावा, याविषयी मात्र जुना दस्तूर मौन पाळतो.

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लाभला आणि शुक्रवारी सायंकाळी 6.15 पासून सोमवारी सकाळी 9.45 पर्यंत कचेरीत यंत्रांखेरीज कोणी उरेनासे झाले. 80 वॅट वीज घेणारा एक संगणक चालू राहिला, तर या साडेत्रेसष्ट तासांत तो पाच युनिटांहून अधिक वीज, फळाची कोणतीही अपेक्षा न बाळगता, भक्षण करतो. हा हिशेब तालुक्यातील एका कचेरीच्या साहेबांच्या कानी गेला आणि यंत्रांशी माझी थोडीबहुत सलगी आहे, अशा केवळ ऐकीव माहितीवर विसंबून त्यांनी मला पाचारण केले.

वस्तुतः युक्ती सोपी आहे. शेवटची कळ केव्हा दाबली गेली अथवा माऊस केव्हा हलला, ही वेळ विंडोज 2000 पासून संगणक मागणाऱ्या आज्ञावलीस मुकाट्याने सांगतो. तेव्हा अर्धा तास हालचाल नसल्यास पडद्यावर एका मिनिटाची इत्तला द्यावी आणि मुदत सरताच यंत्र बंद करावे, असा एकच हुकूम मध्यवर्ती सर्व्हरवरून साऱ्या जाळ्यास लागू केला की काम झाले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1992 साली ‘एनर्जी स्टार’ची योजना काढली, तेव्हा वीज वाचविण्याचा पहिला मान संगणक आणि मॉनिटर यांनाच मिळाला होता. तेथील कारकुनांविषयी त्या संस्थेने काय विचार केला होता, हा प्रश्न मला पुढे वारंवार पडला.

कारण पहिला बळी कायगावहून येणारे अव्वल कारकून ठरले. कोण्या बांधाच्या भांडणाची जाडजूड संचिका मांडीवर घेऊन ते गृहस्थ तासभर असे तल्लीन झाले होते की, इत्तला आली आणि गेली, पडदा काळा झाला, तरी त्यांची मान वर झाली नाही. “साहेब, बसून होतो हे खरं, पण रिकामा बसलो नव्हतो,” असा त्यांनी पुढे खुलासा केला, आणि त्या बचावात उणे काढण्यासारखे काहीच नव्हते. उलटपक्षी, शेजारच्या मेजावर दिवसभर पत्त्यांचा डाव मांडून बसलेल्या तरुणाची गणना यंत्राच्या दफ्तरी अखंड परिश्रमी म्हणून झाली.

नंतर माणसे शहाणी झाली. एकाने सेकंदकाटा असलेले मनगटी घड्याळ उताणे ठेवून त्यावर माऊस टेकविला. काटा सरकला की बाण थरथरे आणि घड्याळाचा धनी बाजारात असतानाही पडद्यावर त्याची कर्तव्यनिष्ठा झळकत राही. दुसऱ्या संगणकावर अर्धवट लिहिलेले पत्र उघडे होते. तो बंद होण्यापूर्वी बदल जतन करावयाचे काय, असे अदबीने विचारून रात्रभर उत्तराची वाट पाहत जागा राहिला. अशा यंत्रास सक्तीने बंद करण्याचीही तरतूद आहे, परंतु तीत पत्र गतप्राण होते, आणि लेखी कागद नष्ट करण्याची जबाबदारी घेणारा अंमलदार मला अद्याप भेटलेला नाही. या तुलनेत मराठवाड्याने दीर्घकाळ अनुभवलेले भारनियमन अधिक न्यायी म्हटले पाहिजे. त्याने उद्योगी आणि आळशी असा भेद कधी केला नाही.

निजविलेल्या यंत्रास सकाळी दुरूनच उठविण्याचाही एक विधी आहे. जाळ्यातून एक संदेश सोडतात: आरंभी सहा बाइट ठराविक, आणि पुढे त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता ओळीने सोळा वेळा. तहसिलीचा शिपाई पक्षकाराचा पुकारा तीनदा करून थांबतो. यंत्राची झोप त्याहून गाढ असावी. मात्र ही हाक ऐकू यावी म्हणून बंद यंत्राचे ते कार्ड रात्रभर थोडीशी वीज घेत जागे राहते, हे मी साहेबांस सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचे वर्णन करणे मला प्रशस्त वाटत नाही.

अखेरीस असे ठरले की, स्वयंचलित व्यवस्था कायम ठेवावी. ती खरोखर चालली किंवा कसे, हे शिपायाने रोज सायंकाळी प्रत्येक खोलीत जाऊन स्वतः पाहावे, आणि आढळलेल्या स्थितीची नोंद त्याच दिवशी संगणकात करावी. या नोंदीकरिता एक संगणक रात्री आठपर्यंत चालू ठेवण्यास लेखी मंजुरी देण्यात आली असून, तो बंद करण्याविषयी आदेशात काहीही म्हटलेले नाही.