सासरे बसलेले असताना

मुलांसोबत बसून पाहावं असं काही उरलंच नाही, ही आईबापांची तक्रार मुंबई-पुण्यात ऐकू येते तशीच आमच्या किन्हीराजातही येते. फरक एवढाच, की वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्याच्या या गावात ‘मुलांसोबत’ म्हणजे नुसतं मुलांसोबत नसतं. बाजेवर आबा असतात, भिंतीला टेकून आजी असते, दाराआड सून असते, सोयाबीनचा भाव विचारायला आलेला आणि भाव विसरून बसलेला शेजारी असतो, आणि टीव्हीला नाक लावून पोरं असतात. अशा बैठकीत पडद्यावरचा नायक नायिकेच्या जरा जास्तच जवळ सरकला की कर्ता पुरुष रिमोट चाचपडू लागतो, आबांना खोकला येतो, सुनेला गॅसवरचं दूध आठवतं. पोरं तेवढी निवांत असतात. माझं म्हणणं असं, की ज्याला आपण मुलांची काळजी म्हणतो ती बहुतांशी मोठ्यांची पंचाईत असते, आणि ती टळली की आपण त्या सिनेमाला ‘कौटुंबिक’ म्हणून मोकळे होतो.

तेच दृश्य बाप मित्रांमध्ये बसून बिनदिक्कत पाहतो. सून दुपारी एकटी असताना पाहते. आजीने तर आयुष्यात एवढं पाहिलेलं असतं, की तिला पटकथाकाराचीच कीव यावी. म्हणजे लाज दृश्यात नाही, ती कोण कुणाशेजारी बसलंय त्यात आहे. सरकारने मात्र वयावर भर दिला. १९५२च्या कायद्याने सिनेमाचे दोनच भाग केले, सगळ्यांसाठी आणि प्रौढांसाठी. १९८३ मध्ये मधला ‘यूए’ आला, म्हणजे आईबापांच्या देखरेखीखाली पाहायचा. २०२३च्या दुरुस्तीने त्याच्याही सात, तेरा आणि सोळा वर्षं अशा तीन पायऱ्या केल्या. हिशेब चोख आहे, पण पहिलीतल्या नातवापासून सत्तरीतल्या आबांपर्यंत सगळ्यांना मिळून एकच टीव्ही असलेल्या घरात तेरा हा आकडा लावायचा कुणाला? देखरेख करणारा बाप तर दृश्य येताच सगळ्यात आधी मान फिरवतो.

आपण नेमकं कशाला भितो, याचा आणखी एक दाखला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने वाहिन्यांना सांगितलं, की कंडोमच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच दाखवा. छान. पण रात्री आठला, ऐन जेवणाच्या वेळी, एक जाऊ दुसरीच्या दुधात काहीतरी कालवते, सासू मृत्युपत्र बदलते, मेलेला नवरा नव्या चेहऱ्याने परत येतो, त्याला कुठलीच वेळ लागू नाही. का, तर सगळ्याजणी अंगभर पैठणीत असतात. भाकरी मोडता मोडता सहा वर्षांची पोर विषप्रयोगाचा आख्खा बेत समजून घेते, आणि आजी वर तिला मागच्या भागात काय झालं तेही सांगते. वरवर दिसतं-ऐकू येतं तेवढ्यालाच आपण भितो, हे दादा कोंडके पूर्वीच ओळखून होते. त्यांच्या संवादात पोर शब्दाला हसतं, बाप दुसऱ्या अर्थाला, आणि दोघांनाही वाटतं की आपण एकाच विनोदाला हसलो. कुटुंबाने एकत्र पाहण्याची याहून सोयीची व्यवस्था मला तरी ठाऊक नाही.

यावर कुणी म्हणेल, पोरं पाहिलेलं करून बघतात, त्याचं काय? रास्त आहे. पण करून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे मारामारी, आणि मारामारी लागली म्हणून रिमोटकडे धावलेला बाप दुर्मीळ. ‘सैराट’ (२०१६) मध्ये शाळा-कॉलेजातलं प्रेम दाखवलं म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. शेवटी घरचीच माणसं पोटच्या पोरीला मारतात, त्यावर तेवढी मुरडली नाहीत. दुसरा आक्षेप असा, की पूर्वी ‘श्यामची आई’सारखे सिनेमे निघायचे. निघायचे, आणि १९५३च्या त्या सिनेमाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदकही मिळालं. पण साने गुरुजींच्या पुस्तकातली ती आई पोहायला भिणाऱ्या श्यामला शिंपटीने फोडून काढते. आज ते पडद्यावर आलं तर कोपऱ्यात ‘बालकांस मारहाण’ अशी पाटी झळकेल, आणि पाटी वाचून पोरगं आईकडे सूचक नजरेने बघेल.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: मग काहीच दाखवू नये का? दाखवावं, पण पंचाईत टाळणारं नव्हे, पंचाईत करणारं. ‘नाळ’ (२०१८) घ्या. आपल्याकडच्या बोलीतला, आठ वर्षांच्या चैत्याचा सिनेमा; आक्षेप घ्यावा असं दृश्य शोधून सापडत नाही. पण आपल्याला वाढवणारी आई जन्म देणारी नाही, हे त्या पोराला कळतं, आणि सिनेमा संपल्यावर बैठकीतलं पोरगं आईला जे विचारतं त्यावर रिमोट चालत नाही. एकेकाने मोबाइल घेऊन आपापल्या कोपऱ्यात पाहिलं तर हा प्रश्न कुणी कुणाला विचारतच नाही. लाज मिटते, पण बैठकही मिटते.

तरी प्रमाणपत्र हवंच असेल, तर सेन्सॉर मंडळाने वय सोडून नातं धरावं. ‘आजीसह चालेल’, ‘सासरे बसलेले असताना नको’, ‘जावई मुक्कामाला असेल तर मुळीच नको’, एवढ्या तीन वर्गांत महाराष्ट्रातली निम्मी घरं निर्धास्त होतील. मामाचं काय करायचं, हे मात्र मंडळालाच ठरवू द्या. तो पोरांना काय दाखवतो, हे आमच्याकडे अजून कुणाला नीटसं कळलेलं नाही.