एकदम साधंसं

‘२० डिसेंबरला लँड होतोय. शनिवारी बसू. कुठेतरी बघून ठेव रे. फार काही नको, एकदम साधंसं.’

हा मेसेज मला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. तुम्हालाही येत असणार. प्रत्येक पुणेकराच्या पत्रिकेत परदेशातला एक मित्र लिहिलेलाच असतो. माझ्या वाट्याला आलेला इंग्लंडात रेडिंगला असतो, म्हणून आम्ही त्याला रेडिंगकर म्हणतो. आमच्या आईची बरीच वर्षं समजूत होती, की तो तिकडच्या वीज मंडळात आहे आणि घरोघर मीटरचं रीडिंग घेत हिंडतो. ‘काकू, रीडिंग नाही, रेडिंग,’ असं त्याने तिला चारदा समजावलं. पाचव्यांदा तिने मायेने विचारलं, ‘अरे, पण थंडीत फार वणवण होत असेल ना?’

तर, साधंसं. या शब्दाच्या पोटात काय काय आहे, ते ऑक्टोबरभर हप्त्याहप्त्याने कळतं. गाणी मोठ्याने नकोत, बोलता आलं पाहिजे. पण अगदी वाचनालयही नको, माहोल हवा. मॉलमध्ये नको. जिथे परदेशातून आलेले लोक जातात तिथे तर अजिबात नको. त्याचे बाबा अर्धा तास येऊन बसणार, म्हणून जिना नको. पोरांना तिखट नको. आमच्यातल्या एकाची बायको कांदा-लसूण खात नाही, तिची सोय हवी. पार्किंग हवं. आणि रात्री साडेअकराला शेवटचा हप्ता: ‘टॉयलेट स्वतः बघून ये. जमलं तर फोटो पाठव.’

म्हणून गेल्या ऑक्टोबरात मी, वय वर्षं एकोणपन्नास, बँकेत जबाबदारीच्या पदावर, बाणेरच्या एका ब्रुअरीत फक्त टॉयलेटचे फोटो काढायला गेलो होतो. दारावरच्या आडदांड पोराने विचारलं, ‘काका, कुणाला शोधताय?’ मी म्हटलं, ‘साधंसं काहीतरी.’

फोटो, भाडी, अंतरं या सगळ्याची मग एक एक्सेल शीट होते. तिचं नाव ‘साधंसं_फायनल_३’.

बरं, एवढं करून जागा ठरली की हा तिथे येऊन काय करतो? पहिल्या वर्षी त्याने वेटरला सांगितलं, ‘एक पिंट.’ आपल्याकडे पिंट म्हटलं की ३३० मिलीची छोटी बाटली येते, तशी ती आली. रेडिंगकर तिच्याकडे बघत राहिला. मग त्या बिचाऱ्याला त्याने इंग्लिश पिंट म्हणजे ५६८ मिली कशी, यावर व्याख्यान दिलं. वेटरने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग दोन आणू का?’

दुसऱ्या वर्षी त्याला पाटीवरच्या ‘परमिट रूम’ या शब्दांचा अर्थ लागला. आमच्या कॉलेजच्या काळातली जागा होती: ट्यूबलाइट, सनमायकाची टेबलं, चकण्याला शेंगदाणे. याने मेन्यूकार्ड मिटलं आणि विचारलं, ‘परमिट कुठे मिळतं?’ आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत, जन्मभराचा हजारात. बाटली समोर आल्यावर हा कायदा आठवणारा माणूस मी तरी तोवर पाहिला नव्हता. ‘म्हणजे आपण पंचवीस वर्षं बेकायदा बसत होतो?’ रेडिंगकरचा चेहरा पडला. मालकाने गल्ल्याखालून पिवळं पडलेलं एक पुस्तक काढलं, फुंकर मारली आणि चौघांच्या नावाने चार पावत्या फाडल्या. त्याची पावती आता रेडिंगच्या घरात फ्रेममध्ये आहे. देव्हाऱ्याच्या शेजारी.

एक वर्ष त्याला डिसेंबरात रजा मिळाली नाही, जानेवारीत आला. पाच जणांची कॅलेंडरं समोर ठेवून त्याने महिनाभर गणित मांडलं आणि सगळे मोकळे असतील असा एकमेव दिवस काढला: २६ जानेवारी. ड्राय डे. त्या संध्याकाळी आम्ही पाच प्रौढ पुरुष फर्ग्युसन रस्त्यावर उसाचा रस पीत उभे होतो. ‘साधंसं आहे ना?’ मी विचारलं. तो बर्फ चघळत होता, बोलला नाही.

त्याच्या पत्त्यांची आणखी एक तऱ्हा. ‘लकीसमोर भेटू’, म्हणतो. डेक्कनवरचं लकी बंद होऊन जमाना झाला. ‘चांदणी चौकात पुलाखाली थांब.’ तो पूल २०२२ साली स्फोट करून पाडला, सगळ्या चॅनेलांनी दाखवला. त्याच्या डोक्यातलं पुणे त्याच्या विमानाबरोबर उडालं आणि तिथेच वर घिरट्या घालतंय. १९३५ पासून गुडलक जागेवर आहे, म्हणून निदान बन-मस्का खायला तरी आमची चुकामूक होत नाही.

गुडलकमध्येच एकदा म्हणाला, ‘आमचा शेजारी आहे ना, म्हातारा गोरा, तो मला दर ऑक्टोबरात म्हणतो, की हा डुलाली झाला. म्हणजे येडा झाला. काय एकेक शब्द असतात रे त्यांचे!’

‘त्यांचा कुठला? आपला आहे,’ मी म्हटलं. ‘देवळाली. नाशिकजवळची.’

इंग्रजांच्या काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत पडून असत. बोट चुकली की पुढची महिनोन्महिने नाही. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन, वर दारू. घरी जायचं, घरी जायचं म्हणत कित्येकांची डोकी फिरत. त्या दुखण्याला ते ‘डुलाली टॅप’ म्हणत. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. पुण्यात २००९ साली एक ब्रुअरी निघाली, तिनेही हेच नाव घेतलं.

रेडिंगकरने बन-मस्का खाली ठेवला. ‘म्हणजे घरी जायच्या नादात डोकं फिरतं, त्याला आपल्या गावाचं नाव आहे?’

‘हो.’

बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, लागलं कुठेतरी. मग म्हणाला, ‘पुढच्या वर्षी देवळालीला जाऊ. सकाळी जाऊन रात्री परत. एकदम साधंसं.’

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी त्याची फ्लाइट. बालेवाडीला टेबल सांगून ठेवलेलं, टॉयलेट पास झालेलं. कर्वे पुतळ्यापाशी गाडी पंक्चर झाली. स्टेपनीतही हवा नव्हती. पंक्चरवाला म्हणाला, ‘दोन गाड्या पुढे आहेत, बसा.’ बसलो, जुन्या टायरांवर. पलीकडच्या टपरीवरून चहा आला, क्रीमरोल आले. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधणाऱ्या त्या माणसाकडे आम्ही चौघे सिनेमा बघावा तसे बघत होतो. आणि तिथे, मध्येच, आमच्यातला सहकारनगरवाला म्हणाला, ‘मार्चमध्ये माझी नोकरी गेली.’

मार्चमध्ये. तेव्हा डिसेंबर चालू होता. माझं घर त्याच्यापासून सहा किलोमीटरवर आहे.

आठ वाजले, नऊ वाजले. बालेवाडीचं टेबल गेलं. पंक्चर कधीच निघालं होतं, उठलं कुणीच नाही. निघताना रेडिंगकर पँटीचं काळं झटकत म्हणाला, ‘हेच. हेच म्हणत होतो मी इतकी वर्षं.’

पुढच्या वर्षीच्या शीटमध्ये सातवी ओळ अशी होती: ‘मंगळवार, ६.३० ते ८. पंक्चरवाला. चहा, क्रीमरोल. (साधंसं)’

गेलो आम्ही, चारही चाकांत व्यवस्थित हवा भरून. पंक्चरवाला नव्हता. तिथे कॅफे झालं होतं. भिंतीवर टायर टांगलेले, बसायला पिवळे रंगवलेले टायर, चहा एकशेऐंशी रुपये. दारातल्या मुलाने हसून विचारलं, ‘सर, रिझर्वेशन आहे?’

रेडिंगकरची मी इतकी टर उडवतो, आता एक कबुलीही देऊन टाकतो. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘डिसेंबर’ आहे. जानेवारी ते सप्टेंबर त्यावर दिसतात ते गुड मॉर्निंगचे गुलाब आणि वाढदिवसांचे केक. एका गावात राहणारे आम्ही चौघे त्या नऊ महिन्यांत एकमेकांना एकदाही भेटत नाही. ट्रॅफिक असतो, मुलांच्या परीक्षा असतात, ‘बसू या एकदा’ असतं. कॉलेजात असताना खिडकीखालून शिट्टी मारली की माणूस चपला अडकवून खाली यायचा. आता पाच जणांना एका टेबलाशी आणायला सात हजार किलोमीटरवरून एक माणूस यावा लागतो, आणि त्याला एक्सेल शीट करावी लागते. तो गावात नसतो म्हणून त्याला आम्ही हसतो. गावात असून आम्ही कुठे असतो, हे त्याने अजून विचारलेलं नाही. साधा आहे बिचारा.

परवा ऑगस्टात औंधला एका कामासाठी गेलो होतो. पाऊस आला म्हणून एका नव्या हॉटेलच्या छपराखाली थांबलो. आत डोकावलो. जिना नव्हता. गाणी हळू होती. पार्किंग दिसत होतं. बायकोचा फोन येऊन गेला, घेतला नाही. आत जाऊन टॉयलेट बघून आलो. बरं होतं. फोटो काढला.

‘किती जण, सर?’ काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

‘पाच. आणि एक आजोबा, अर्धा तास.’

‘आत्ता?’

‘नाही,’ मी म्हटलं, ‘२० डिसेंबरनंतरचा शनिवार.’

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. कपाळाला हात लावून बघावा, अशी तिची नजर होती.