आपला तो हक्क, दुसऱ्याचं ते बंड

नकोसा कायदा पाडायचा असेल तर तो सगळ्यांनाच नकोसा करून ठेवावा, असा हिशेब १८२८ साली अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये दक्षिणेकडच्या सभासदांनी केला. उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडच्या गिरण्यांना परदेशी कापडावर जकात हवी होती. विधेयकात ती होतीच. पण शिवाय गिरण्यांना लागणाऱ्या कच्च्या लोकरीवर, जहाजांच्या दोरखंडांना लागणाऱ्या वाखावर आणि रम गाळायला लागणाऱ्या काकवीवरही जबर जकात होती. ही जाचक कलमे जागच्या जागी राहावीत म्हणून दक्षिणेची मंडळी दुरुस्त्यांच्या विरोधात मते देत राहिली. इतका कडू काढा उत्तरेचे लोकच थुंकून टाकतील, अशी त्यांची खात्री होती.

उत्तरेच्या पुरेशा सभासदांनी तोंड वाकडे केले आणि काढा गिळला. प्रतिनिधीगृहात १०५ विरुद्ध ९४, सिनेटमध्ये २६ विरुद्ध २१. राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सने सही केली. आपणच तळहातावर जपलेल्या या अपत्याचे दक्षिणेने ‘अमंगळ जकात’ असे बारसे केले आणि ऊर बडवायला सुरुवात केली.

तक्रार अगदीच पोकळ नव्हती. कापूस विकायचा जगाच्या बाजारभावाने आणि लोखंड-कापड घ्यायचे जकातीने फुगलेल्या भावाने, हे कोणत्याही शेतमालकाला झोंबेल. दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना राज्याच्या जॉर्ज मॅकडफीने तर गणितच मांडले: शंभर गासड्यांपैकी चाळीस जकात खाते. अर्थशास्त्राला हे गणित पटण्यासारखे नव्हते, सभेला मात्र तोंडपाठ झाले. तो कापूस वेचणाऱ्या गुलामांच्या वाट्याला शंभरातल्या किती गासड्या येतात, हा प्रश्न त्यात नव्हता.

मग तत्त्वज्ञानाची गरज पडली. ते पुरवले जॉन कॅल्हूनने. साहेब त्या वेळी देशाचे उपराष्ट्राध्यक्ष. केंद्राचा कायदा घटनाबाह्य वाटला तर राज्याने तो आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवावा, असा सिद्धान्त त्याने १८२८च्या अखेरीस लिहून काढला. स्वतःचे नाव तेवढे घातले नाही. (१७९८ साली केंटकी राज्यासाठी असेच ठराव थॉमस जेफरसनने लिहिले होते. तोही उपराष्ट्राध्यक्ष, तोही निनावी. त्या पदावर फावला वेळ बराच असावा.) १८१६ साली संरक्षक जकातीची वकिली करणारा कॅल्हून तो हाच. त्याच्यासमोर संघराज्याचा कैवारी म्हणून उभा राहिलेला मॅसॅच्युसेट्सचा डॅनियल वेबस्टर १८२४ साली जकातीच्या विरोधात होता आणि १८२८ साली बाजूने. दरम्यान त्याच्या राज्यातल्या भांडवलाने जहाजांतून गिरण्यांत मुक्काम हलवला होता. आणि १८१४ साली ब्रिटनशी युद्ध चालू असताना केंद्रावर रुसून हार्टफर्डला बैठक भरवणारा प्रदेश कोणता? वेबस्टरचा न्यू इंग्लंडच!

२४ नोव्हेंबर १८३२ रोजी साउथ कॅरोलायनाच्या परिषदेने १८२८चा आणि त्यानंतर आलेला १८३२चा असे दोन्ही जकात कायदे रद्दबातल ठरवले. अंमल १ फेब्रुवारी १८३३ पासून. बळजोरी झाली तर संघराज्याला रामराम. कॅल्हूनने उपराष्ट्राध्यक्षपद सोडले आणि गव्हर्नर झालेल्या रॉबर्ट हेनची सिनेटमधली रिकामी खुर्ची धरली. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने डिसेंबरात जाहीरनामा काढून बजावले की सशस्त्र फुटीर चळवळ म्हणजे देशद्रोह. त्याच वर्षी चेरोकी या मूळनिवासी लोकांच्या प्रकरणात शेजारच्या जॉर्जियाने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल धाब्यावर बसवला होता. तिथे मात्र जॅक्सनने बोटही हलवले नाही. चेरोकींच्या जमिनीबाबत त्याचे आणि जॉर्जियाचे मत एकच होते.

शेवटी सिनेटर हेन्री क्लेने तडजोड काढली: वीस टक्क्यांवरची जकात १८४२ पर्यंत हळूहळू वीसवर आणायची. २ मार्च १८३३ रोजी जॅक्सनने दोन कायद्यांवर सही केली. एकाने जकात उतरवली, दुसऱ्याने जकात वसूल करायला लष्कर वापरण्याची मुभा दिली. साउथ कॅरोलायनाची परिषद पुन्हा भरली, तिने जकातीवरचा आपला ठराव मागे घेतला. आणि रिकाम्या हाताने घरी कसे जायचे, म्हणून लष्कराचा कायदा रद्दबातल ठरवला. आता तो वापरण्याची कुणाला गरजच उरली नव्हती.

जकात हे निमित्त, खरे दुखणे गुलामगिरीच्या व्यवस्थेचे, हे कॅल्हूनने १८३० मध्येच एका खासगी पत्रात कबूल केले होते. पुढे १८५० साली पळालेले गुलाम पकडून परत देण्याचा कडक केंद्रीय कायदा आला. आता राज्यांचे हक्क आठवले ते उत्तरेला. विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, इतर राज्यांनी त्यात खोडा घालणारे कायदे केले. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटले तेव्हा त्याने कारणांचा जाहीरनामा काढला. उत्तरेची राज्ये काँग्रेसचे कायदे रद्दबातल करतात, अशी तक्रार त्यात राज्यांची नावे घेऊन मांडली आहे. जकातीचा मात्र त्यात एका शब्दानेही उल्लेख नाही.