'बाय' वगळून
आठवीत इंग्रजीच्या तासाला राम रोज रावणाला मारायचा आणि आम्ही वहीत वाक्य उलटं करायचो: 'रावणा वॉज किल्ड बाय रामा'. कर्म उचलून पुढे, मग 'वॉज', क्रियापदाचं तिसरं रूप, आणि 'बाय' लावून राम शेपटाला. 'वॉज' आणि 'बाय' दोन्ही विसरलात तर रावणाच्या हातून राम खलास, वर गुण शून्य.

'बाय'सकट कर्ता गाळला तरी वाक्य शुद्धच राहतं, हे सरांनी जाता जाता सांगितलं. सत्ताधाऱ्यांनी नेमकं तेवढंच पाठ केलं. जानेवारी १९८७ मध्ये, इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर, राष्ट्राध्यक्ष रेगन अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहिले. जबाबदारी माझी, म्हणाले खरे. चुका मात्र 'वेअर मेड'. बाय कोण, ते नाही.

आपल्याला तर शिकवणीही लागत नाही. 'मी आंबा खाल्ला' हा मराठीत मुळातच कर्मणी प्रयोग. आणि कपाचा तुटलेला कान हातात घेऊन उभं असलेलं पोर 'मी फोडला' कधी म्हणतं? 'फुटला' म्हणतं. तेच पोर मोठं होऊन कचेरीत चिकटलं की रस्ता 'खोदण्यात येतो', 'लवकरच बुजवण्यात येईल' आणि 'गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येते'.

कोणाकडून? हे वाक्य कर्तरीत करा, असा प्रश्न आमच्या पेपरात कधी आला नाही.