गृहपाठ केला जातो

उचगावात गृहपाठ नेमका कोण करतं, हा प्रश्न परीक्षेत येत नाही म्हणून बरं. राज्यानं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, आणि संध्याकाळी घरोघरी आईबाप पुन्हा शाळेत बसले. पोरं दहावीला पोचेपर्यंत त्यांचं इंग्रजी संपतं. तिथून पुढं गाईड.

दहावीच्या इंग्रजीच्या ‘कुमारभारती’त रवींद्रनाथांची ‘व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर’ ही कविता आहे. निर्भय, स्वतंत्र विचाराची प्रार्थना! तिचं रसग्रहण पोरं गाईडातून उतरवतात, सरांच्या भीतीनं. ‘कविता मला का आवडली’ याचं उत्तर अख्ख्या वर्गाचं स्वल्पविरामासकट एकच. (आवडली नाही, असं लिहायची सोय गाईडात नाही.)

आता गाईडची गादी मोबाईलनं घेतलीय. तो शेक्सपिअर समजावतो, पॅसिव्ह व्हॉइसही करून देतो. इंग्रजी इतकं सफाईदार की सर लगेच ओळखतात. पण बोलत नाहीत, कारण कधीकधी प्रश्नपत्रिकाही तिथनंच आलेली असते.

एवढं खरं, की पोरांना पॅसिव्ह व्हॉइस पक्का कळलाय: गृहपाठ केला जातो. कुणाकडून, ते लिहायची सक्ती नाही.